लिस्बन, डब्लिन, लेटरकेनी, स्लायगो: डिचोलीच्या एका घराचं प्रकरण

"मामा, खंय वचचें तें सांग."

2023चा जून महिना. पागोळ्यांखाली ठेवलेल्या घागरी भरून वाहत होत्या आणि भाचा समोर सोप्यावर बसून एवढंच म्हणाला. आम्ही घरात कोकणी बोलतो, लिहायचं-वाचायचं मराठीत. इथे गोव्यात साखळी गावी उच्च माध्यमिकात मी एकतीस वर्षं भूगोल शिकवला, त्यामुळे कुठे जायचं हे मामाला ठाऊक असणार अशी त्याची समजूत. मला ठाऊक होतं ते पाठ्यपुस्तकातलं. गव्हाचं उत्पादन कुठे जास्त आणि समशीतोष्ण पट्टा कुठून कुठे, एवढं सांगून घर हलवता येत नाही.

पोर्तुगीज पासपोर्ट हातात आलाय, आता बायको-पोराला घेऊन युरोपात नेमकं कुठे राहायचं: पुढची दोन वर्षं या एका प्रश्नामागे गेली. गावातली आणखी दोन घरं आज त्याच वाटेवर आहेत. दोघांनाही हे तोंडी सांगताना माझ्याकडून दर वेळी काहीतरी राहून गेलं, म्हणून आता सविस्तर लिहून काढतोय.

माणसं आणि कागद

भाचा तेव्हा 41 वर्षांचा. खाणीवर फिटर. पोकलेन, डंपर, व्हील लोडर, जे बंद पडेल ते उघडायचं आणि चालू करून द्यायचं. 2012 मध्ये खाणी पहिल्यांदा थांबल्या, मग रडतखडत सुरू झाल्या. फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं 88 लीज रद्द केल्या आणि 16 मार्चपासून सगळं ठप्प झालं. डिचोली, सत्तरी, सांगे या पट्ट्यात ती तारीख सगळ्यांना पाठ आहे. डंपर दारात उभे राहिले, टायरांवर वेली चढल्या. भाच्यानं नंतर एका गॅरेजात अर्ध्या पगारावर काम धरलं.

सून, म्हणजे भाच्याची बायको, म्हापशाला खाजगी इस्पितळात स्टाफ नर्स. बीएस्सी नर्सिंग, अकरा वर्षांचा अनुभव. पोरगा आठ वर्षांचा. आणि घरात माझी ताई, म्हणजे भाच्याची आई, तिचे गुडघे आणि तिची सुपारीची बाग.

कागदाची गोष्ट अशी. 19 डिसेंबर 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेल्या माणसाला पोर्तुगाल आपला नागरिक मानतो आणि तो हक्क मुला-नातवंडांपर्यंत पोचतो. त्यासाठी जन्माची नोंद लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कचेरीत करून घ्यावी लागते. भावोजींचा जन्म 1955चा. त्यांचा दाखला, म्हणजे आमच्याकडे अजून ज्याला 'तेओर' म्हणतात तो, काढण्यात आणि नावाच्या स्पेलिंगा जुळवण्यात वर्ष गेलं. पोर्तुगीज कारकुनांनी कामतांचं कामोतिम आणि प्रभूंचं पोरोबो केलं होतं; तेव्हा लेखणी त्यांच्या हातात होती, आज निस्तरतोय आपण. भावोजी 2021 मध्ये वारले, पण त्याआधी त्यांची नोंद झालेली होती. तिच्यावर भाच्याची झाली. 2022च्या ऑक्टोबरात तो लिस्बनला जाऊन कार्ड आणि पासपोर्ट घेऊन आला.

भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. भाच्यानं भारतीय पासपोर्ट परत केला, पुढे ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयाचं कार्ड, केलं. सुनेनं आणि पोरानं काहीच बदललं नाही, दोघं भारतीयच राहिले. हा निर्णय घरात दोन मिनिटांत झाला. ताई म्हणाली, "सगळ्यांनी एकदम होडी बदलू नये." सगळ्यांना पटलं. या वाक्याची किंमत आम्हाला पुढे कळली.

लिस्बन का नाही

पासपोर्ट पोर्तुगालचा म्हटल्यावर राहायचंही पोर्तुगालात, असं ताईला सरळ वाटत होतं. अंतोनियो कोस्ता तेव्हा तिथे पंतप्रधान होते, त्यांच्या वडिलांचं घराणं मडगावचं, टीव्हीवर ते दिसले की ताई म्हणायची, "आपलोच मनीस." कोस्तांना मात्र घरभाडं भरायचं नव्हतं.

भाचा त्या खेपेला पाच आठवडे लिस्बनजवळ ओदिव्हेलशला एका ओळखीच्यांकडे राहिला होता. तीन खोल्या, नऊ माणसं, स्वयंपाकघरात झोपायची पाळी ठरलेली. 2022 मध्ये किमान वेतन महिन्याला 705 युरो होतं, 2023 मध्ये 760 झालं. वर्षाला पगार चौदा मिळतात हे खरं. एका गॅरेजवाल्यानं त्याला 900 देऊ केले. एका खोलीच्या घराचं भाडं त्यानं विचारलं तर 850. दक्षिणेकडे आल्गार्वला हॉटेलांत काम मिळतं, पण ते हंगामी. आपल्या कळंगुटसारखंच, फक्त थंडी जास्त.

तरीही भाचा एकटा असता तर तिथेच राहिला असता असं मला वाटतं. अडचण सुनेची होती. तिथे नर्स म्हणून उभं राहायचं तर पदवीची मान्यता, परिचारिकांच्या संघाची नोंदणी आणि कामापुरती तरी नीट पोर्तुगीज भाषा लागते. हे रास्तच आहे, पेशंटला कुठे दुखतंय ते त्याच्या भाषेत विचारता आलं पाहिजे. म्हणजे दोन-तीन वर्षं ती वृद्धाश्रमात मदतनीस म्हणून राहणार. अकरा वर्षांचा अनुभव बाजूला ठेवून. तिनं स्पष्ट सांगितलं, "मी युनिफॉर्म बदलीन, काम बदलणार नाही."

इंग्लंडचा विषय निघाला तेवढाच. आमच्या शेजारचे स्विंडनला आहेत, तिथे गोंयकारांची वस्ती दाट आहे. पण पोर्तुगीज पासपोर्टवर तिथे जाऊन कामाला लागायचं दार 31 डिसेंबर 2020ला बंद झालं. त्याआधी गेले ते गेले. माल्टाही निघालं. सुनेनं पगार ऐकला आणि फोन ठेवला.

उरलं आयर्लंड. युरोपीय संघात आहे, कारभार इंग्रजीत चालतो आणि तिथल्या इस्पितळांत केरळच्या नर्सा इतक्या आहेत की भारतीय नर्सिंगची कागदपत्रं बघून कुणी दचकत नाही. सुनेनं इंग्रजीची परीक्षा दिली, तिथल्या नर्सिंग मंडळाकडे फाईल पाठवली. देश ठरला. मला वाटलं माझं काम संपलं.

पगार एक, भाडी वेगवेगळी

ओळखीचे सगळे डब्लिनला. त्यामुळे डब्लिनच धरून चाललं होतं, जसं आपल्याकडे नोकरी म्हटली की पणजी. मी फक्त एक गोष्ट विचारली: सुनेचा पगार डब्लिनला किती आणि बाहेर किती?

सरकारी आरोग्यसेवेत, म्हणजे एचएसईत, नर्सची वेतनश्रेणी देशभर एकच. डब्लिनमध्ये राहण्याचा वेगळा भत्ता नाही. तेव्हा सुरुवातीला वर्षाला 36 हजार युरोच्या आसपास, राजधानीत असो की एखाद्या कोपऱ्यातल्या गावात. रात्रपाळी आणि रविवारचे पैसे वर, तेही सगळीकडे सारखेच. भाडं मात्र सारखं नाही. डब्लिनमध्ये दोन बेडरूमचं घर 2,000 युरोच्या खाली सापडत नव्हतं, आणि सापडलं तर बघायला तीस माणसं रांगेत.

आणखी एक गोष्ट, जी कुणीच सांगत नाही. भाचा युरोपीय नागरिक, सून त्याची बायको म्हणून तिथे राहणार. तिला वेगळं वर्क परमिट लागत नाही, हा मोठा फायदा. पण तिचा हा हक्क टिकतो भाच्याच्या कामावर. तो तिथे नोकरी किंवा धंदा करत असला पाहिजे, किंवा घर पोसायला पुरेल एवढी पुंजी दाखवता आली पाहिजे. म्हणजे पैशाच्या हिशेबात घराचा खांब सून आणि कायद्याच्या हिशेबात भाचा. दोघांनाही काम मिळेल असाच भाग हवा. नर्सला काम कुठेही मिळतं, म्हणून भाग शोधायचा तो फिटरसाठी.

इथे नॅवनचं नाव आलं. डब्लिनच्या वायव्येला, तासाभराच्या अंतरावर. तिथली टारा ही युरोपातली सगळ्यांत मोठी जस्ताची खाण. भाच्याचे डोळे चमकले. खाण, मशिनं, ओळखीचं काम! जूनमध्ये यादीत नॅवन पहिलं होतं. जुलैत खाण थांबल्याची बातमी आली: जस्ताचा भाव पडला, विजेचा खर्च वाढला, साडेसहाशे माणसं घरी. भाच्यानं फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "मामा, ही खाण माझ्या मागून आली की मी तिच्या मागून जातोय?" (खाण पुढे 2024च्या अखेरीस परत सुरू झाली. पण त्यानं ते नाव पुन्हा काढलं नाही, आणि मीही आग्रह धरला नाही.)

पिवळी रेघ

मग आला एजंट. पर्वरीला ऑफिस, काचेचं टेबल, मागे आयफेल टॉवरचा फोटो. त्यानं सांगितलं, "लेटरकेनीला जा. वायव्य टोकाला, डोनेगॉल परगण्यात. मोठं इस्पितळ आहे, सुनेची सोय झाली. घर स्वस्त. आणि तुम्हाला काम शेजारच्या डेरी शहरात, पगार पौंडात. पस्तीसेक किलोमीटर. गेट नाही, चेकिंग नाही."

भाचा हुरळून घरी आला. मी माळ्यावरचा नकाशा काढला. वाळवीनं अटलांटिक थोडा खाल्ला होता, पण आयर्लंड शाबूत होतं.

डोनेगॉल हा प्रकार नकाशावर बघण्यासारखा आहे. आहे आयर्लंड प्रजासत्ताकात, पण पूर्वेची जवळजवळ सगळी हद्द उत्तर आयर्लंडला, म्हणजे ब्रिटनच्या भागाला लागून. उरलेल्या देशाशी जोडलंय ते दक्षिणेकडच्या काही किलोमीटरच्या चिंचोळ्या पट्टीनं. परगण्यात रेल्वे नाही. लेटरकेनीहून डब्लिनला सरळ जाणारा रस्ता उत्तर आयर्लंडातूनच जातो.

"मग काय झालं?" भाचा म्हणाला. "आपण दोडामार्गाला भाजी आणायला जात नाही?"

आम्हा डिचोलीकरांची हीच पंचाईत. हद्द म्हटली की आमच्या डोळ्यांपुढे दोडामार्ग येतं: नाक्यावरचा कंटाळलेला पोलीस आणि पलीकडे महाराष्ट्राची एसटी. मी त्याला म्हटलं, "तुझ्या आजोबांना विचारायला हवं होतं. याच दोडामार्गावर ते सख्ख्या बहिणीला भेटायला जाऊ शकत नव्हते." 1955 नंतर भारतानं नाकेबंदी केली तेव्हा सहा वर्षं ये-जा जवळपास बंद होती. हद्द दिसत नाही म्हणजे ती नाही असं नव्हे. ती माणसाच्या खिशातला कागद पाहून असते किंवा नसते.

एजंटला आम्ही पुन्हा गाठलं, एकेका माणसाचा पासपोर्ट पुढे करून. पोर्तुगीज पासपोर्टवर डेरीत फिरायला जाता येतं, काम करायला ब्रिटनचा वेगळा व्हिसा लागतो. 2020 संपायच्या आधीपासून हद्दीपलीकडे कामाला जाणाऱ्यांनाच जुनी सवलत. भारतीय पासपोर्टवर तर खरेदीलाही जाता येत नाही, व्हिसा काढल्याशिवाय. ब्रिटन आणि आयर्लंड यांच्यातला मुक्त प्रवास त्या दोन देशांच्या स्वतःच्या नागरिकांपुरता आहे. एजंट म्हणाला, "अहो, कोण बघतंय तिथे?" त्या वाक्यावर आम्ही उठलो. पासपोर्टच्या जोरावर घर उभं करायला निघालेल्या माणसाला हा सल्ला म्हणजे पायाच्या चिऱ्यात वाळू भरण्यासारखं.

तरी लेटरकेनी यादीतून गेलं नव्हतं. इस्पितळ खरंच मोठं होतं, घरं खरंच स्वस्त होती. भाच्याला काम डेरीऐवजी अलीकडे मिळालं तर? मी म्हटलं, जाऊन बघ. पण जूनमध्ये जाऊ नकोस, जानेवारीत जा. गोवा कुणी डिसेंबरात बघून भुलतं आणि जुलैत बुरशी पुसत बसतं, तसं नको.

तो गेला 6 जानेवारी 2024ला. त्याच्या आधी नोव्हेंबरात डब्लिनमध्ये दंगल झाली होती, परदेशी लोकांविरुद्धच्या घोषणा, जळणारी बस. ताईनं ते बातम्यांत पाहिलं होतं आणि तिनं त्याच्या बॅगेत देवाचा अंगारा घातला.

डब्लिनमध्ये चार दिवस, लेटरकेनीत पाच. तिथून डब्लिनला परतताना त्यानं बस धरली. ती आधी लिफर्डपर्यंत आली, मग एक पूल ओलांडला. त्यानं मला नंतर सांगितलं ते जसंच्या तसं देतो:

"मी खिडकीतून बघत होतो. रस्त्याच्या कडेला पिवळी तुटक रेघ होती. पूल संपला आणि रेघ पांढरी झाली. वेगाच्या पाटीवरचा आकडा एकदम कमी झाला, मला वाटलं शाळा आली. नंतर कळलं, तो मैलांत होता. मग फोन वाजला. मेसेज: वेलकम टू द यूके. बसमध्ये कुणी मान वर केली नाही. समोर एक म्हातारी सफरचंद कापून खात होती. माझ्या खिशात पासपोर्ट होता, मला काही नव्हतं. पण मामा, माझ्या जागी ती आणि पोर असती तर त्या म्हातारीच्या शेजारी बसून ती दोघं गुन्हा करत होती."

स्ट्रबॅन, ओमा, मग कुठेतरी मॉनहनच्या आधी रेघ परत पिवळी. दीड तास बस ब्रिटनमधून चालली. लेटरकेनीला राहायचं तर विमानतळासाठी, वकिलातीसाठी, सुनेच्या परीक्षेसाठी, दर वेळी डब्लिनला जायचं, आणि सरळ बस हीच. नाहीतर दक्षिणेकडून वळसा.

त्या रात्री त्यानं लेटरकेनीवर काट मारली. मी माझ्या वहीत तेव्हा लिहिलं, आणि आजही माझं मत तेच आहे: भाग निवडताना घरातला सगळ्यांत मजबूत पासपोर्ट बघायचा नाही, सगळ्यांत कमकुवत बघायचा. मजबूत कागद देश उघडून देतो. रोजचं जगणं, बाजार, बस, दवाखाना, कमकुवत कागद जिथवर पोचतो तेवढ्यातच बसवावं लागतं. आम्ही सहा महिने भाच्याच्या पासपोर्टवर नकाशा बघत होतो.

स्लायगो

स्लायगो हे डोनेगॉलच्या दक्षिणेला, त्याच किनाऱ्यावर. हद्द तिथूनही फार लांब नाही. पण डब्लिनला जाणारा रस्ता आणि रेल्वे दोन्ही पूर्णपणे प्रजासत्ताकातून जातात. रेल्वेनं तीन तासांहून थोडं जास्त. विद्यापीठाशी जोडलेलं सरकारी इस्पितळ आहे. गावाच्या आसपास दगडाच्या खाणी आणि मशिनं भाड्यानं देणारे लोक आहेत. लेटरकेनीवर काट मारल्यावर भाचा इकडे आला आणि अशा एकाच्या शेडमध्ये सरळ आत गेला. एक एक्स्कॅव्हेटर उघडून पडला होता, हायड्रॉलिक पंपाशी दोघं झगडत होते. यानं वाकून पाहिलं, सील उलटं बसवलंय म्हणाला. बायोडेटा पिशवीतच राहिला. ताशी 18 युरोवर मार्चपासून या, असं ठरलं.

हिशेब असा होता. त्याच्या हातात महिन्याला अडीच हजारांच्या आसपास येणार. सुनेची नोंदणी, परीक्षा, प्रत्यक्ष रुजू होणं, यात वर्ष तरी जाणार, तोवर एकाच पगारावर घर. डब्लिनला 2,000 भाडं गेलं की पाचशेत तीन माणसं. स्लायगोला 1,250चं घर मिळालं, जुन्या ओळीतलं, एका खोलीत भिंतीला ओल. पण उरतात साडेबाराशे. कागदावर निर्णय इतका सोपा दिसतो की एवढी चर्चा कशाला केली असं वाटावं. चर्चा झाली ती बाकीच्या गोष्टींवर, ज्यांना आकडा लावता येत नाही.

पाऊस, उदाहरणार्थ. आमच्याकडे वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या घरात पडतो, स्लायगोला त्याच्या निम्म्याहूनही कमी. भाचा म्हणाला, मग काय घाबरायचं? घाबरायचं यासाठी की आपला पाऊस चार महिन्यांत उरकतो आणि चवथीला ओसरायला लागतो. तिकडचा बारा महिने बारीक पडत राहतो. शिवाय उजेड. डिसेंबरात नऊला दहा मिनिटं असताना उजाडतं आणि सव्वाचारला संपतं. सून रात्रपाळी करून आली तर आठवडाभर सूर्य बघणार नाही. हे मी तिला आधी सांगितलं होतं. सांगणं आणि सोसणं यात फरक असतो, हे तिनं मला नंतर सांगितलं.

शाळेची चिंता ताईला फार. तिथल्या बहुतेक प्राथमिक शाळा कॅथलिक चर्चच्या. पण गोव्यातल्या हिंदूला पाद्रींच्या शाळेचं काय अप्रूप? आमच्या घरातली निम्मी माणसं तिथेच शिकली. 2018च्या कायद्यानं अशा शाळांना प्रवेश देताना धर्म बघता येत नाही. जागाही लगेच मिळाली. पोराला आयरिश भाषा मात्र सक्तीची. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत बाहेर शिकून आलेल्या मुलाला सूट मिळू शकते, हा नऊचा. कोकणी, मराठी, हिंदी, इंग्रजी आणि आता आयरिश. पहिल्या महिन्यात त्यानं फोनवर आजीला आयरिशमध्ये दहापर्यंत आकडे म्हणून दाखवले. आजी म्हणाली, मंत्र चांगला म्हणतोय.

आणि मासे. हा मुद्दा मीच घुसडला होता. डोनेगॉलमधलं किलीबेग्ज हे आयर्लंडचं सगळ्यांत मोठं मासेमारी बंदर, आणि तिथे मॅकरेल उतरतो, म्हणजे आपल्या बांगड्याचा चुलतभाऊ. तिथले लोक तो फारसा खात नाहीत, बहुतेक माल बाहेर जातो. केरळी दुकानात नारळ आणि उकडे तांदूळ मिळतात. कोकम आम्ही पाठवतो. माशांचं हुमण जमतं. तिरफळं मात्र पहिल्या पार्सलमध्ये पोस्टानं फोडून बघितली म्हणे, वासावरून.

काय चुकलं

भाच्यानं मार्चमध्ये काम सुरू केलं. करासाठी लागणारा सरकारी नोंदणी क्रमांक हातात नव्हता म्हणून पहिले काही पगार आणीबाणीचा कर कापून आले. त्या क्रमांकासाठी पत्ता हवा, पत्त्यासाठी घर हवं, आणि घरमालकाला पगाराची स्लिप हवी. हे चक्र सगळ्यांनाच लागतं, कापलेलं नंतर परत मिळालं. सून आणि पोर ऑगस्टमध्ये पोचले.

खरी चूक माझी. भाड्यात वाचणारे साडेसातशे मी वहीत ठळक लिहिले आणि गाडीचा रकाना कोरा ठेवला. डब्लिनला बस असते, ट्राम असते. स्लायगोला सुनेची ड्यूटी सकाळी आठला, पोराची शाळा नऊच्या पुढे, भाच्याची शेड गावाबाहेर चौदा किलोमीटर. गाडीशिवाय एक दिवस निघत नाही. भारतीय परवाना तिथे बदलून मिळत नाही. वीस वर्षं डंपर चालवलेल्या माणसाला शिकाऊ परवान्यापासून सुरुवात. चाचणीची तारीख मिळाली सहा महिन्यांनी. विम्याचा आकडा ऐकून तो गप्प बसला: वर्षाला 2,900 युरो, आणि गाडी घेतली होती 4,000ची. हप्ता, विमा, इंधन धरून महिन्याला साडेचारशेच्या वर. वाचलेल्यातले तीनशे उरले.

तीनशेसाठी एवढं? असं कुणी विचारेल. गावातल्या एका घरानं विचारलंच. पण डब्लिनला पहिलं वर्ष निघालंच नसतं, हे मी आजही म्हणेन. त्यांच्याकडे दोघांचे पगार पहिल्या महिन्यापासून चालू होणार असतील तर त्यांनी वेगळा हिशेब मांडावा.

दुसरी गोष्ट सुनेनं सांगितली, चूक म्हणायची की नाही मला ठरवता येत नाही. ती 2025च्या उन्हाळ्यात रुजू झाली. वॉर्डात केरळच्या सहा जणी आहेत, चांगल्या आहेत, पण चहाच्या वेळी आपसात मल्याळममध्ये बोलतात. गावात मराठी बोलणारी दुसरी बाई तिला वर्षभरात एकच भेटली, सोलापूरची डॉक्टर, आणि ती बदली होऊन गॉलवेला गेली. "मामा, डब्लिनला असते तर गणपतीला शंभर माणसं भेटली असती." मी काही बोललो नाही. ओळखीचे लोक तिथे आहेत एवढ्यावर जागा निवडू नका, असं मीच सगळ्यांना सांगत फिरत होतो.

सहलीचं पत्र

2026च्या फेब्रुवारीत पोराच्या शाळेतून घरी एक कागद आला. वर्गाची एक दिवसाची सहल, ओमाजवळच्या एका संग्रहालयात. पालकांनी सही करून पाठवा, सोबत डबा आणि पावसाळी जाकीट द्या.

ओमा. भाच्याच्या त्या बसच्या वाटेवरचं गाव, तीच हद्द, तीच पांढरी रेघ. पोराचा पासपोर्ट भारतीय. स्लायगो निवडून आम्ही हद्द रोजच्या रस्त्यातून काढली होती, ती शाळेच्या दप्तरातून घरात आली. शाळेतल्या बाईंना हे ठाऊकच नव्हतं. त्या भल्या बाई, त्यांनी मनापासून माफी मागितली आणि म्हणाल्या, त्या दिवशी त्याला दुसऱ्या वर्गात बसवू. पोरानं घरी येऊन विचारलं, "मला ताप आहे असं सांगायचं का?"

आता भाच्याला पोराच्या जन्माची नोंद लिस्बनला करायची आहे. हक्क आहेच, कागद फक्त पाठवायचे. सून तयार नाही. तिचं म्हणणं, मग घरात भारतीय पासपोर्टवाली मी एकटीच राहते. आजारपणात ताईकडे धावत यायचं तर तिघांनी तीन रांगांत उभं राहायचं का? ताईनं तर होडीचं ते वाक्य परत म्हणायचं सोडूनच दिलंय.

दोघांचं ठरेपर्यंत कागद तरी तयार असावा म्हणून मी गेल्या मंगळवारी म्हापशाला जाऊन पोराचा जन्मदाखला काढून आणला. आडनावाचं स्पेलिंग दोनदा तपासलं, बापाच्या पोर्तुगीज कार्डावरच्या स्पेलिंगशी लावून. एका अक्षराचा फरक आहे. दुरुस्तीचा अर्ज भरून ठेवलाय, सुनेचा फोन आला की देईन.